फौजीच्या दारातली माळ

जून संपत आला की अमेरिकेत काही घरांच्या अंगणात एक छोटी पाटी रोवली जाते, निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराच्या नावाची रोवतात तशीच. मजकूर साधा असतो: इथे लढाईवरून परतलेला सैनिक राहतो, फटाके उडवताना जरा भान ठेवा. इंडियाना राज्यातल्या ‘मिलिटरी विथ पीटीएसडी’ या संस्थेने या पाट्या वाटायला सुरुवात केली, त्याला दहाएक वर्षं झाली. संस्था उभी केली ती एका सैनिकाच्या पत्नीने.

पाटीवर ‘फटाके बंद करा’ असं लिहिलेलं नाही. सैनिकांशी बोललं की त्याचं कारण उलगडतं. चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गावाच्या मैदानावर नगरपालिका जी मोठी आतषबाजी करते, तिचा त्रास त्यांतल्या अनेकांना कमी होतो. तिची वेळ ठरलेली, जागा ठरलेली. ज्याला सोसणार नाही तो त्या रात्री गावाबाहेर जातो, कुणी कानाला हेडफोन लावून बसतो, कुणी मनाची तयारी करून मुलांना घेऊन पाहायलाही जातो. खरा जाच होतो तो दोन जुलैच्या संध्याकाळी मागच्या गल्लीत कुणी हौसेने उडवलेल्या एका बारचा. आणि त्या हौसेला कायद्याचीही साथ आहे. खुद्द इंडियानात २९ जून ते ९ जुलै या दिवसांत संध्याकाळी पाचपासून सूर्यास्तानंतर दोन तासांपर्यंत फटाके उडवायला गावच्या नगरपालिकेलाही मज्जाव करता येत नाही. चार जुलैला तर सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत मोकळीक. अकरा दिवस कुठून, कधी, किती मोठा आवाज येईल याचा नेम नाही.

पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा विकार. हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आलं १९८० साली, आणि त्यासाठी व्हिएतनामहून परतलेल्यांना व त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना बरंच झगडावं लागलं. स्फोट कानावर पडला की तो फटाका की तोफगोळा हे ठरवायला मेंदूला एक क्षण लागतो, आणि धोक्याचा इशारा देणारा मेंदूचा भाग तेवढंही थांबत नाही. दचकतो तर प्रत्येकच माणूस. पण ‘अरे, फटाका होय’ म्हणत आपले खांदे खाली येतात, पीटीएसडी असलेल्या सैनिकाचे येत नाहीत. छाती धडधडत राहते, तळहाताला घाम सुटतो, नजर आडोसा शोधत फिरते. फटाक्यांच्या दारूचा वास आला तरी पुरे होतं. हा फटाका आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून ‘अहो, फटाकाच आहे तो’ ही समजूत त्याच्या काही कामाची नसते. आवाज ऐकताच जमिनीला चिकटायचं, हे त्याला फौजेने शिकवलं, वर्षानुवर्षं घटवून घेतलं आणि त्या सवयीनेच त्याला जिवंत परत आणलं. पेन्शनीला आल्यावर ती सवय डेपोत जमा करून येता येत नाही.

फटाक्यांनी स्वातंत्र्य साजरं करण्याची अमेरिकेची रीत त्या देशाइतकीच जुनी. जुलै १७७६ मध्ये स्वातंत्र्यलढ्यातला नेता जॉन अॅडम्स याने बायकोला लिहिलेल्या पत्रात हा दिवस पुढच्या पिढ्या तोफा, शेकोट्या आणि रोषणाईने साजरा करतील असं भाकीत केलं होतं (तारीख मात्र त्याने दोन जुलै धरली होती). पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात तेरा वसाहतींसाठी तेरा रॉकेटं सोडून आतषबाजी झाली, तेव्हा युद्ध अजून चालूच होतं. त्या देशाचं राष्ट्रगीतसुद्धा बॉम्बवर्षावाचं. सप्टेंबर १८१४ मध्ये ब्रिटिश आरमाराने बाल्टिमोरजवळच्या फोर्ट मॅकहेन्रीवर रात्रभर मारा केला, तो पाहणाऱ्या वकिलाने ते गीत लिहिलं. त्या रात्रीची रॉकेटं विल्यम काँग्रीव्हने बनवलेली, आणि काँग्रीव्हने धडा घेतला होता १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागलेल्या टिपूच्या लोखंडी नळ्यांच्या रॉकेटांवरून. म्हणजे अमेरिकी मुलं ज्या रॉकेटांचं गाणं शाळेत छातीवर हात ठेवून म्हणतात, त्यांचं मूळ आपल्या शेजारच्या कर्नाटकात आहे. हे थोडं विषयांतर झालं खरं, पण आतषबाजी आणि युद्ध एकाच कोठारातून आली, एवढं त्यातून लक्षात यावं.

सगळेच माजी सैनिक फटाक्यांना घाबरतात, असा समज करून घेणं हाही अन्यायच. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याच्या आकडेवारीनुसार तिथल्या दर शंभर माजी सैनिकांपैकी साधारण सातांना आयुष्यात कधी तरी पीटीएसडी होतो; सामान्य नागरिकांत हेच प्रमाण सहाच्या आसपास आहे. म्हणजे बहुसंख्य सैनिक पुढच्या ओळीत उभे राहून आतषबाजी पाहू शकतात. अंगणातली पाटी त्यांच्यातल्याही अनेकांना रुचत नाही. आम्हाला नाजूक ठरवू नका, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. शिवाय आवाजापासून कायम पळत राहणं हा या दुखण्यावरचा इलाजही नव्हे. उपचारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने, थोडंथोडं करत त्या भीतीला सामोरं जायला शिकवतात. संमतीने आणि थोडंथोडं, हे त्यातले दोन महत्त्वाचे शब्द. शेजाऱ्याने मध्यरात्री उडवलेला सुतळी बॉम्ब हा काही त्या उपचाराचा भाग होत नाही.

दुखणं जुनंच आहे, नावं तेवढी बदलत गेली. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याला शेल शॉक म्हटलं. पलटणीत मात्र त्याला बऱ्याचदा भेकडपणाच म्हणत. त्या युद्धात भेकडपणा, पळून जाणं अशा आरोपांखाली ब्रिटिश फौजेने आपल्याच ज्या ३०६ जणांना गोळ्या घातल्या, त्यांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. त्यांच्यातला हॅरी फार शेल शॉकसाठी आधी इस्पितळात राहून आला होता. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला मारलं, आणि माफीसाठी त्याच्या मुलीला म्हातारपणापर्यंत लढावं लागलं. इतिहासाचं हे पान मी मुद्दाम उघडलं, कारण सैनिकाने दचकायचं नाही ही अपेक्षा इंग्रज निघून गेले तरी आपल्याकडे टिकून आहे.

साताऱ्याजवळचं मिलिटरी अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. घरटी एक माणूस फौजेत अशी गावाची ख्याती. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अशी लहानमोठी कितीतरी गावं सापडतील. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात १९१५-१६ मध्ये मराठा पलटणीचे लोक उपाशी राहून तोफमारा सोसत होते. जे पडले त्यांची नावं दगडावर आली. जे घरी आले ते रात्री कसे झोपले याची नोंद कुणी केली नाही, आणि त्यांनीही सांगितलं नसावं. गावात त्यांना ‘मेजर’ म्हणत. हुद्दा हवालदाराचा असला तरी मेजरच. मेजरने दिवाळीत कोपऱ्यातल्या खोलीत दार लावून का बसावं, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

आता तर आपण एक पाऊल पुढे गेलो आहोत. गेल्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत जवान सेवानिवृत्त होऊन आला की त्याची मिरवणूक काढतात. गावाच्या वेशीपासून फुलांनी सजवलेली उघडी जीप, गळ्यात हार, पुढे हलगी नाहीतर डीजे, सुवासिनींचं औक्षण, आणि घराच्या दारात जीप थांबली की दहा हजार फटाक्यांची माळ. मला ही मिरवणूक मनापासून आवडते. शहरातल्या कंपनीतून माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याला शाल आणि घड्याळ मिळतं. इथे सारं गाव रस्त्यावर येतं. पण ती माळ. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात शिकून, देवळालीच्या मैदानावर सराव करून, पुढे सरहद्दीवर वर्षं काढलेला गनर त्या जीपमध्ये उभा असतो. कारगिलच्या लढाईत १९९९ मध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. पलीकडूनही गोळे येत होते. अशा माणसाच्या दोन पावलांवर, त्याच्याच सन्मानार्थ, आपण माळ पेटवतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर मोबाइलचे कॅमेरे रोखलेले असतात. दचकायची सोय नाही. हसावं लागतं.

अमेरिकेतला सैनिक पाटी तरी लावतो. आपल्याकडे कोण लावील? मनाचं दुखणं कबूल करणं आपल्या घरांत एरवीही अवघड, त्यात वर्दीतल्या माणसाला तर फारच. बालाकोटच्या हल्ल्यानंतर चौकाचौकांत फटाके फुटले, क्रिकेटचा सामना जिंकल्यावर फुटतात, निवडणुकीच्या निकालाला फुटतात. जवानाच्या नावाने जयजयकार करत फटाके उडवणाऱ्याला, ‘भाऊ, मला सोसत नाही’ असं जवानानेच सांगायचं म्हणजे स्वतःच्या पुतळ्यावरून खाली उतरण्यासारखं आहे. पुतळा आपण उभा केला. त्यामुळे विचारण्याचं कामही आपल्याकडेच येतं, त्याने तोंड उघडण्याची वाट पाहत बसणं बरोबर नाही.

यावर एक आक्षेप येईलच, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. किती जणांचं बघायचं? दमेकरी आहेत, तान्ही मुलं आहेत, हृदयविकाराचे रुग्ण आहेत, पलंगाखाली घुसणारी कुत्री आहेत. ११ जुलै २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांतून वाचलेले लोक मुंबईतच राहतात. त्यांना सैनिकांइतकीही कुणी सहानुभूती देत नाही. पीटीएसडी हा काही वर्दीवाल्यांचा राखीव आजार नव्हे. खरंच आहे. मला सैनिकाचं उदाहरण पुढे करावंसं वाटतं ते एवढ्याचसाठी की इथे आपली गाठ आपल्याच शब्दाशी आहे. ज्याच्या गौरवासाठी म्हणून वाजवतो, त्याला ते ऐकवत नसेल तर तो गौरव कुणाचा, हा प्रश्न इतरांच्या बाबतीत इतका उघडा पडत नाही. आणि सैनिकासाठी जी शिस्त लागेल तिचा फायदा पलंगाखालच्या कुत्र्यालाही होईल.

बरं, ही शिस्त नव्याने शोधायची गरज नाही. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज जाणारा फटाका आपल्या नियमांत केव्हापासूनच वर्ज्य आहे. दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिला. तो खटला दाखल झाला होता दिल्लीतल्या तान्ह्या मुलांच्या नावाने, त्यांच्या फुप्फुसांसाठी. सैनिकाचा त्यात कुठे उल्लेख नाही. पण त्याला नेमकं जे हवं आहे, ठरलेली वेळ, ते त्या आदेशात आहे. आठ ते दहा हे त्याला कळलं की उरलेले बावीस तास त्याचे स्वतःचे होतात. आपण तो आदेश दिल्लीच्या धुरासाठी आहे असं समजून सोडून दिला, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिल्या आंघोळीनंतर पहिला बार कुणाचा, ही चुरस चालू ठेवली. झोपेतून उठवणारा आवाज सगळ्यात वाईट. जाग्या माणसाला निदान घड्याळ पाहता येतं.

पहाटेचा बार हा माझ्याही लहानपणाचा भाग आहे आणि तो बंद व्हावा असं मला वाटत नाही. उटण्याचा वास आणि लवंगीचा धूर मनात एकत्रच बसले आहेत. पण लवंगी आणि सुतळी बॉम्ब यांत फरक आहे. भुईनळा, भुईचक्र, फुलबाजी यांनी अंगण उजळतं आणि शेजारच्या घराचे खांदे ताठ होत नाहीत. इटलीत पार्माजवळच्या कोलेक्कियो या गावाने काही वर्षांपूर्वी आतषबाजी होईल ती कमी आवाजाचीच, असा नियम केला. तो जनावरांसाठी होता, पण तिथल्या लोकांचा उत्सव काही बुडाला नाही.

राहिली ती मिरवणूक. ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा खास कक्ष आहे, १४४१६ हा फोन आहे, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दवाखाने आहेत. पण तिथवर जाण्याआधी त्याला कुणीतरी साधं विचारलेलं असावं लागतं. सत्काराची तयारी गावातलं तरुण मंडळ करतं: जीप, हार, बॅनर, वर्गणी, सगळ्याची यादी होते. त्याच यादीत एक फोन घालता येईल. जवान सुट्टीवर नसेल तर त्याच्या बायकोला करावा. गेल्या दिवाळीत घरात काय झालं हे तिला माहीत असतं, आणि ती आडपडदा न ठेवता सांगेल. पत्रिका छापायला टाकण्याआधी आणि फटाक्यांची ऑर्डर देण्याआधी तो फोन व्हावा, कारण माळ एकदा आणली की ती परत कुणी घेत नाही.