रंध्याचे पाते

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले, तेव्हा त्याची धुरा ज्यांनी सांभाळली ते रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर सुतारकीची परंपरा असलेल्या घराण्यातले होते, आणि हातातल्या कसबाला शास्त्राची जोड मातृभाषेतून मिळावी असा त्यांचा आग्रह होता. अशा शहरात जुना रंधा, म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करणारे हत्यार, केवळ गंजला म्हणून भंगारात जावा, हे खरोखर क्लेशदायक आहे.

गंज खोल गेला नसेल तर तेल आणि पॉलिश पेपर एवढ्याने तो निघतो. खरे कष्ट पात्याचे. धार ही दोन पृष्ठांच्या भेटीची रेषा असल्यामुळे पात्याची पाठ आधी दगडावर घासून एकसपाट करावी लागते, आणि मग सुमारे २५ अंशांचा उतार घासत राहिल्यास पाठीकडे धातूची बारीकशी कड वळते, जी बोटाला जाणवली की धार टोकापर्यंत पोहोचल्याचे कळते. नव्या रंध्याचे पातेही बहुधा असेच लावून घ्यावे लागते; मात्र त्याचे चांगले पोलाद धार अधिक काळ धरते आणि पाते पुढेमागे करणारा त्याचा स्क्रू सहज फिरतो, हे सुख नाकारण्याचे कारण नाही. पावसाळ्यापूर्वी जुन्या-नव्या दोन्ही रंध्यांवर तेलाचा हलका हात फिरवावा.