कुणाचो?

गोव्याचे माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर जन्मले पेडण्यात. पार्से आणि हरमल निदान एकाच, पेडणे तालुक्यात आहेत. बांदोडे मात्र पार फोंड्याकडे. आडनाव एका गावाचं आणि चूल दुसऱ्या गावात, हे गोव्यात इतकं नेहमीचं आहे की त्यात कुणाला काही वेगळं दिसत नाही. पार्सेत राहणाऱ्याला पार्सेकर म्हणवून घ्यायची गरज काय? गाव सुटलं की गावाचं नाव मागे लागतं. म्हणजे हे ‘कर’ मुळात बाहेरून आल्याची नोंद आहे. ती नोंद कपाळावर घेऊन माणसं परगावी मुरली, तिथल्या पंक्तीला बसली, तिथल्या राजकारणात पुढारी झाली. नाव बदला, असं त्यांना कुणी सांगितलं नाही.

हल्ली आपण सर्रास म्हणतो, ‘तो आमच्यात फिट होत नाही.’ नोकरीच्या मुलाखतीनंतर म्हणतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतो, स्थळ बघून आल्यावर तर हमखास. इंग्रजीतल्या या ‘फिट इन’मध्ये साचा आधीच ठरलेला असतो, माणसाने आपले कोपरे घासून त्यात बसायचं. साचा कुणी केला, हे विचारायचं नाही. पेडण्याकडे नवखा दिसला की प्रश्न येतात ते निराळेच. ‘खंयचो?’ आणि त्याला उत्तर मिळायच्या आत, ‘कुणाचो?’ आधी गाव, मग घर. तू आमच्यासारखा आहेस का, हे विचारणाऱ्याच्या मनातही नसतं. तुला कुठे बसवायचं, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

ही बसवण्याची रीत नीट बघायची तर देवळात जावं. पार्सेला भगवती आहे, आणि पेडणे महालातल्या बहुतेक गावांना अशी एखादी ग्रामदेवता आहे. उत्सवाच्या दिवशी तिथे उभं राहिलं की ध्यानात येतं, इथे कुणीच नुसता ‘भाविक’ नाही. तरंग धरणारा ठरलेला, ढोलावर टिपरू मारणारा ठरलेला, दिवटी कुणाच्या हातात आणि पहिला नारळ कुणाचा तेही ठरलेलं. गाऱ्हाणं घालणारा जाणता मूळपुरुषापासून सुरुवात करतो, राखणदाराचं नाव घेतो, बाहेरून येऊन सीमेवर ठाण मांडलेल्या देवांनाही वगळत नाही, आणि पोटासाठी मुंबईला गेलेल्या लेकरांवर येऊन पोचतो. प्रत्येक मागण्यावर भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. वर्षभर गावात नसलेला मुंबईकर त्या ओळीत हजर असतो. त्याने काय खाल्लं, कुठली भाषा बोलली, याची चौकशी नाही. त्याचा मान तसाच राखून ठेवलेला.

याचं फार कौतुक करायचा मोह आवरावा लागतो. भाविणींनाही देवळात जागा होतीच की! समई लावायची, चवरी ढाळायची. ती जागा आईकडून मुलीकडे जायची आणि सोडायची सोय नव्हती. कित्येकांची जागा पायऱ्यांच्या खाली होती. पुढे पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये आणि पुन्हा 1933 मध्ये देवस्थानांसाठी नियमावल्या केल्या. महाजन कोण, हे त्यांत घराण्यावर ठरलं. तोंडी चालणारा मान वहीत चढला आणि हक्क झाला. वहीबाहेरच्याला मग देवही परका. देवळाच्या सेवेत पिढ्या घालवलेल्या ज्या समाजांनी पुढे स्वतःला गोमंतक मराठा समाज म्हणवून घेतलं, त्याच समाजातले बांदोडकर 1963 मध्ये मुख्यमंत्री झाले. नेमून दिलेल्या जागेवरून उठायला एवढी मोठी खुर्ची लागावी, यात त्या व्यवस्थेवरची टीका पुरेशी आली.

खुद्द पेडणे महालालाही असं बसवून घेतलं गेलं आहे, एकदा नव्हे. बार्देश 1543 मध्येच पोर्तुगिजांकडे गेला होता. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्याकडे आलं ते 1788 मध्ये, जवळजवळ अडीचशे वर्षांनी. तोवर देवळं मोडायचा जोर ओसरला होता, त्यामुळे इथले देव जागचे हलले नाहीत. पोर्तुगीज अंमल इथे 173 वर्षं राहिला, तरी बार्देशसारख्या जुन्या काबिजादीतल्या माणसाला पेडणेकर तसा उशिरा आलेलाच. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात पेडण्याने महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने मत दिलं. गोव्याने एकूण 34,021 मतांच्या आघाडीने वेगळं राहायचं ठरवलं. नको असलेला निकाल घेऊन पेडणं गोव्यात राहिलं, आणि त्याच गोव्याला पुढे मुख्यमंत्रीही देऊन बसलं. 1987 मध्ये कोकणी राजभाषा झाली. तिचं प्रमाण रूप फोंड्याकडच्या अंत्रुजी बोलीवर बेतलेलं. पेडण्याची बोली पणजीला मालवणी वाटते आणि सावंतवाडीला गोंयची.

बाहेरचे याला गोंधळ म्हणतात. घरात कोकणी, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, मग तुमची भाषा कुठली? रात्री दशावताराला बसलं तर उत्तर समोर दिसतं. राजा पल्लेदार मराठीत गर्जना करतो, विनोदी पात्र गावच्या बोलीत त्याची टोपी उडवतं, आणि दोन्हींना दाद देणारा प्रेक्षक तोच. राजाने बोलीत बोलावं असं त्याला वाटत नाही, विनोदाने शुद्ध व्हावं असंही नाही. मला वाटतं, पेडणेकराने भाषांचंही देवळातल्यासारखंच केलं. एकीला दुसरीसारखी व्हायला न लावता दोघींना मान वाटून दिले. पोर्तुगीज होती तोवर तिलाही कचेरी दिली होती.

आता मात्र ही वाटणी पुरी पडत नाही. मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली, पण किनारा त्याआधीच बदलला होता. मोरजीत रशियन लिपीतले फलक आणि मेनूकार्डं आली; पाहुण्याने गावात बसायचं सोडून गावच पाहुण्याच्या मापाचं झालं. पैसेवाल्याला ‘कुणाचो?’ कुणी विचारत नाही, विचारायची छाती होत नाही. आणि बांधकामावर आलेल्या मजुरालाही विचारत नाहीत, कारण त्याच्यापुरता आधार कार्डाचा नंबर बास होतो. साच्यात बस, असं दोघांनाही कुणी सांगत नाही, हे खरं. पण गाऱ्हाण्यात दोघांचंही नाव नाही.

त्यातल्या त्यात मजुराच्या पोराकडे लक्ष ठेवावं. गोव्यातल्या कितीतरी सरकारी मराठी प्राथमिक शाळा आज अशाच मुलांनी भरतात. घरी कन्नड, वर्गात मराठी, खेळताना गावची कोकणी, हे तो कुणी न शिकवता करतो. जुन्या पेडणेकराने केलं ते याहून वेगळं नव्हतं. या पोराला महाजनांच्या वहीत घ्यावं असं मी म्हणत नाही. ती वही आपोआप उघडणार नाही. पण शिगम्यात ढोल वाजवायला गावची तरुण पोरं कमी पडायला लागली आहेत, ती नोकरीला लांब गेली आहेत, आणि हा पोरगा मांडावर रोज संध्याकाळी असतो. टिपरू त्याच्या हातात द्यायचं की नाही, यावर कधीतरी गावकरांना बैठक घ्यावी लागेल.