हाडाची मुदत

ज्याच्या विद्येचे सारे मर्म धावण्यात आहे, त्यालाच निश्चल पडून राहण्याचा हुकूम व्हावा, याहून जाचक शिक्षा ती कोणती? जसप्रीत बुमराह या वेगवान गोलंदाजाच्या वाट्याला ती २०२२ च्या उत्तरार्धात आली. पाठीच्या दुखण्याने विश्वचषक हुकला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या संघात त्याचे नाव दाखल झाले आणि थोड्याच दिवसांत ते मागेही घेतले गेले. मला वाटते, प्रत्यक्ष वेदनेहून हा प्रसंगच अधिक जिव्हारी लागला असावा. कारण बंद दारापुढे मनुष्य कसाबसा तग धरतो, परंतु किलकिले झालेले दार डोळ्यांदेखत पुन्हा लावले गेले म्हणजे त्याची चडफड अनावर होते.

मार्च महिन्यात न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि सहा आठवडे लोटल्यावरच पुनर्वसनास आरंभ करावा, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला. गोलंदाजाचा पुढचा पाय भूमीवर आदळताना देहभाराच्या कित्येक पट आघात सोसणारा, आणि त्याच क्षणी वाकणारा व पिळला जाणारा तो कटिप्रदेश, उतावीळ मनाची कोणतीही दरखास्त मंजूर करीत नाही. हाडाची मुदत हाडच ठरविते. (आपण मात्र घरबसल्या त्याच्या पुनरागमनाच्या तारखा मुक्रर करीत होतो!)

अखेर १८ ऑगस्ट रोजी, शेवटच्या सामन्यानंतर सुमारे अकरा महिन्यांनी, डब्लिनजवळच्या मालाहाइड येथे तो कर्णधार म्हणून उतरला. पहिल्याच चेंडूवर चौकार गेला. दुसऱ्यावर त्याने फलंदाजाचा त्रिफळा उडविला.