लिहिणारा कोण ?

गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याने स्वातंत्र्य आणि स्वैराचार यांतील भेदावर एक निबंध आमच्यापुढे ठेवला. भाषा शुद्ध, मांडणी रेखीव. त्यातील एका वाक्याचा अर्थ आम्ही सहज विचारला, तेव्हा त्याने मान खाली घातली. निबंध यंत्राने लिहिला होता. आम्ही त्यास चार कठोर शब्द सुनावले खरे. परंतु घरी आल्यावर आमचे मन स्वस्थ राहीना. ज्या यादीतून त्याने तो विषय निवडला होता, ती यादी आम्हीही त्याच यंत्राकडून करवून घेतली होती. मग दोष एकट्या विद्यार्थ्याचा कसा ?

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅट जीपीटी सर्वांस खुले झाले, तेव्हापासून हा प्रश्न वर्गावर्गांत उभा आहे. अफाट लेखनसंभाराच्या आधारे एका शब्दामागून कोणता शब्द यावा याचा अदमास हे यंत्र बांधते. ते खरे तेच सांगेल असा भरवसा नाही, आणि चुकल्यास जाब द्यावयास ते पुढे येत नाही. पुस्तकांतून उतरवून घेणारे विद्यार्थी पूर्वीही होतेच, असे कोणी म्हणेल. होते; पण काय उतरवावे एवढे तरी त्यांस निवडावे लागे.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आमच्या वाईत मराठी विश्वकोश सिद्ध होऊ लागला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंदींच्या शेवटी लेखकाचे नाव असते. त्या नावाचा आम्ही असा अर्थ करतो की, या विधानाविषयी शंका असल्यास मला विचारावे. विद्यार्थ्याने निबंधाखाली व शिक्षकाने प्रश्नाखाली घातलेल्या नावासही हाच अर्थ असला पाहिजे.

श्रवण, मनन व निदिध्यासन अशा ज्ञानाच्या पायऱ्या आपल्या परंपरेने सांगितल्या आहेत. श्रवणाच्या कामी यंत्र खुशाल यावे. ज्या मुलास घरी शंका विचारण्यास कोणी नाही, त्यास ते उपकारकच होय. परंतु आपल्या वाटचे मनन, आपल्या वाटच्या जेवणाप्रमाणे, दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

म्हणून आम्ही एक नियम घातला आहे. यंत्राचे साहाय्य घेतल्यास तसे लिहावे, आणि मग वर्गापुढे उभे राहून पूर्वपक्षास उत्तर द्यावे. आरंभ आम्ही स्वतःपासून केला. आपली यादी त्याच विद्यार्थ्याच्या हाती देऊन म्हटले, "आता तू विचार." त्याने विचारले, "सर, हाच विषय का ?" उत्तर देण्यापूर्वी आम्हांस बराच वेळ थांबावे लागले.