खड्ड्यातले काम



एप्रिल लागला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी कूलर बाहेर निघतात. नवे गवत लागते, टाकीत पाणी पडते, आणि पुढचे दोन-अडीच महिने त्या पत्र्याच्या डब्याच्या भरवशावर आपण दुपार काढतो. मागच्या एका उन्हाळ्यात आमच्या घरच्या कूलरने आम्हांला एक प्रश्न घातला. तो आज आपल्यापुढे मांडावासा वाटतो.

झाले असे. आमच्या घरातली लहान मुलगी ओल्या हाताने कूलरला टेकली आणि ओरडून मागे पडली. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले. शेजारचा एक मुलगा अंजनगाव सुर्जीला आयटीआयत वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला हाक मारली. तो आला, आधी मेन स्विच बंद केला, मग कूलरची पिन काढून बाजूला ठेवली. त्यानंतर मेन चालू करून त्याने एक साधा बल्ब प्लगच्या छिद्रांना लावून पाहिला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये नुसता लाल तारेएवढाही पेटला नाही.

"काकाजी, अर्थिंग हाय कुठी तुमची?"

आम्ही अभिमानाने अंगणातली सिमेंटची चौकट दाखवली. वर लोखंडी झाकण, कडेने गिलावा. घर बांधल्याला बारा वर्षे झाली होती आणि ती चौकट बारा वर्षे तशीच छान दिसत होती. मुलाने झाकण काढले, हाताने माती उकरली आणि आत हात घातला. हातभर लांबीचा एक पाइपचा तुकडा सरळ वर निघून आला. खाली कोळसा नाही, मीठ नाही, काही नाही.

ज्याने ते काम केले त्याचे नाव इथे सांगायचे कारण नाही. त्याने पूर्ण अर्थिंगचे पैसे घेतले होते आणि आम्ही ते दिले होते.

त्या मुलाने मित्राला बोलावले. दोघांनी दोन दिवस खपून काळ्या मातीत खोल खड्डा घेतला. अडीच मीटर लांबीचा, छिद्रे पाडलेला जाड पाइप उभा केला. भोवती कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे वरपर्यंत भरत आणले. पाइपच्या तोंडाशी पाणी घालायला नरसाळे बसवले. "उन्हाळ्यात आठवड्यातून दोन बादल्या पानी टाकत जा," असे सांगितले. पावसाळ्यात आपली काळी जमीन पाणी धरते, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि कोरडी पडते. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. म्हणजे नेमके कूलर चालतात त्याच दिवसांत अर्थिंग दुबळी होते. हे आम्हांला त्या वयाच्या मुलाकडून पहिल्यांदा कळले.

खड्डा बुजवून झाल्यावर आम्ही त्याला सहज विचारले, "बाबू, खालचे दोन थर कमी टाकले असते तर आम्हांला काय कळणार होते?"

तो जरा गोंधळला. प्रश्नच त्याला नीट समजला नाही असे वाटले. मग म्हणाला, "तसं नाही करत, काकाजी."

बस्स, एवढेच. कारण नाही, तत्त्वज्ञान नाही. पण तेव्हापासून आम्ही विचार करीत आहोत. कोणी पाहणार नसेल, कोणाला कधी कळणार नसेल, तर काम चोख का करायचे?

भीती, नाव आणि नुकसान

पहिले उत्तर सोपे आहे. पकडले जाऊ म्हणून. पण अंगणातला खड्डा उकरून पाहायला कोण येतो? भीती तपासणारा असेल तिथवरच चालते.

दुसरे उत्तर, नाव खराब होईल म्हणून. हे भिंतीच्या रंगाला लागू पडते, कारण रंग दिसतो. अर्थिंगचे उलटे आहे. अर्थिंग असो वा नसो, पंखा फिरतोच, बल्ब लागतोच. चांगले काम करणारा आणि चुकवणारा यांच्यात आपल्याला फरक दिसत नाही. दिसतो तो फक्त भाव, आणि चुकवणाऱ्याचा भाव कमी असतो. म्हणजे बाजार इथे प्रामाणिक माणसाला मदत करीत नाही, उलट त्याचे गिऱ्हाईक पळवतो.

तिसरे उत्तर, कोणाचा तरी जीव जाईल म्हणून. हे उत्तर भारी आहे. ६० वॅटच्या एका बल्बला सुमारे पाव अँपिअर वीज लागते. त्याच्या निम्म्याहूनही कमी वीज छातीतून गेली तर हृदय बंद पडू शकते. आपल्या बोर्डातला एमसीबी एवढ्याशा विजेने पडत नाही. तो तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो आणि खरी अर्थिंग लागते, म्हणजे पत्र्यावर उतरलेली वीज अंगातून न जाता तारेने जमिनीत जाते.

पण या तिसऱ्या उत्तरातही एक फट आहे. आमच्या अंगणातला तो तुकडा बारा वर्षे तिथे होता आणि बारा वर्षे कोणाला काही झाले नाही. मोटरच्या तारेचे आवरण झिजले नसते तर आणखी बारा वर्षे काही झाले नसते. अशा कितीतरी घरांत कधीच काही होणार नाही. मग तिथे काही चुकलेच नाही असे म्हणायचे का?

आम्हांला वाटते, नाही. वाईट घडले ते मुलगी ओरडली त्या दिवशी नव्हे. ते बारा वर्षांपूर्वी, झाकण बसवले त्या दिवशीच घडले. त्या दिवसापासून आम्ही निर्धास्त झोपत होतो आणि ती निर्धास्तता खोटी होती. कारागिराने आम्हांला पाइप विकला नव्हता, भरवसा विकला होता. आम्ही खड्ड्यात पाहू शकत नव्हतो, म्हणूनच तर त्याला बोलावले होते. जिथे समोरच्याला पाहता येत नाही तिथे आपला शब्द हीच त्याची नजर असते. अपघात झाला की नाही हा पुढे नशिबाचा भाग. शब्द मोडला तो आधीच.

आपल्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते एका तहामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तो इथे झाला. त्याला कागद होता, सह्या होत्या. वीजतंत्र्याच्या खड्ड्याला यातले काहीच नसते. तरीही तो एक करारच आहे.

"तसं नाही करत" हे कुठून येते?

त्या मुलाला हे सारे कोणी समजावून सांगितले होते का? आम्ही त्याला त्याच्या दिवसाबद्दल विचारले. सकाळची एसटी, पास, डबा. हजेरी. थिअरी, गणित, ड्रॉइंग आणि मग वर्कशॉप. वीज शिकायला आला तरी पहिल्या वर्षी त्याच्या हाती आधी कानस आली. लोखंडाचा तुकडा शिकंज्यात धरायचा आणि सपाट होईपर्यंत घासायचा. हाताला फोड येतात. सर तुकड्यावर गुण्या ठेवतात आणि उजेडाकडे धरतात. मधून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. पुन्हा कर.

मग तारांचे जोड. पीळ घट्ट हवा, डाग नीट लागायला हवा. वरून टेप गुंडाळली की चांगला जोड आणि वाईट जोड सारखेच दिसतात. म्हणून सर टेप उलगडून पाहतात. जखमी माणसाला विजेपासून कसे सोडवायचे, आधी स्विच बंद, नाहीतर कोरडे लाकूड, मग श्वास कसा द्यायचा, हेही त्याने तिथेच शिकले.

आणि घासून घासून तयार केलेला तो जॉब? मार्क मिळाले की भंगाराच्या पेटीत. त्याचे काही बनत नाही. आम्हांला हे ऐकून वाईट वाटले. त्याला वाटले नाही. आता कळते की तो तुकडा भंगारात जातो, पण घासणारा हात जात नाही. हजार वेळा उजेडाची रेघ बुजवून त्या हाताला अशी सवय लागते की रेघ राहिली तर चैन पडत नाही. "तसं नाही करत" हे वाक्य त्याने पाठ केले नव्हते. ते त्याच्या हातात उतरले होते. आपण समजतो की सद्गुण डोक्यातून हाताकडे जातो. पुष्कळदा तो हातातून डोक्याकडे जातो.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याला हे पटले नसते. कारागिराचे जिणे सद्गुणाला पोषक नाही, त्यासाठी मोकळा वेळ असणारा नागरिकच हवा, असे त्याचे मत होते. त्याला उत्तर द्यायला आपल्याला लांब जावे लागत नाही. याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. भाकरी हवी तर आधी काम. झाडलेल्या रस्त्याचे दुसऱ्या दिवशी काय उरते? काहीच नाही. धूळ पुन्हा येते. तरी ते झाडत राहिले, आणि त्यांच्या कीर्तनाला वजन आले ते त्या खराट्यामुळे.

आपल्या परंपरेतही हे आहे. नाझरेथच्या सुतारकामाच्या घरात आपल्या प्रभूने आयुष्याची बहुतेक वर्षे काढली. तिथे बनलेली एकही वस्तू कोणी जपून ठेवली नाही, तिची नोंदही नाही. इटलीत तुरीनला संत डॉन बॉस्को यांनी १८५० नंतरच्या वर्षांत गरीब मुलांसाठी चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकामाचे वर्ग काढले. त्याआधी मुलांना बाहेर उमेदवारीला ठेवताना ते मालकाशी लेखी करार करीत. १८५२ चा असा एक करार आजही आहे. मुलाला मारायचे नाही, शब्दाने समजवायचे, सणावाराला सुट्टी द्यायची, अशा अटी त्यात आहेत. मुलाकडून चोख कामाची अपेक्षा करायची तर त्याच्याशीही चोख वागले पाहिजे, हे त्या धर्मगुरूने ओळखले होते.

आपला वाटा

इथे आम्हांला स्वतःकडे बोट वळवावे लागते. कारागिराला प्रवचन देणे सोपे आहे. पण घर बांधताना आम्हीच त्या माणसाशी घासाघीस केली होती. डॉक्टरांच्या फीबद्दल आम्ही अवाक्षर काढीत नाही. वायरमनला मात्र म्हणतो, "एवढे कशाचे? खड्डाच तर खणायचा आहे." ज्या कामाची किंमत आपल्याला कळत नाही ते आपण स्वस्तात मागतो, आणि स्वस्तात मागितलेले काम पुष्कळदा तसेच मिळते. त्याचा दोष त्याचाच. मोहात पाडण्याचा दोष आमचा.

आणखी एक. आपल्याकडे बोलताना ऐका. मुलगा इंजिनिअरिंगला "लागला". मुलगी नर्सिंगला "गेली". पण "पोट्टा आयटीआयले टाकला." टाकला! जणू पोते उतरवून टाकले. दहावीचे मार्क कमी पडले, आता दुसरे काय करणार, अशा सुरात आई-बाप शेजाऱ्यांना सांगतात आणि मुलगा बाजूला उभा राहून ऐकत असतो. १९५० पासून देशात ही कारागीर प्रशिक्षण योजना चालू आहे. जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री यांच्या हातांवर आपली घरे, पंप, जिनिंग आणि दवाखाने चालतात. ज्याच्या कामावर आपले लेकरू सुखरूप राहते, त्याच्या शिक्षणाला आपण "टाकणे" म्हणतो. ज्याला आपण टाकून दिले त्याने आपली काळजी वाहावी ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

सगळीच मुले त्या मुलासारखी निघतात असे आम्ही म्हणत नाही. आमच्या अंगणात तो तुकडा पुरणाराही कुठेतरी शिकलाच असेल. शिकवलेली सवय घासाघिशीत, उधारीत, घाईत झिजते. ती टिकवायला आजूबाजूला माणसे लागतात.

म्हणून या रविवारी तीन साध्या गोष्टी मागतो. कूलर लावण्याआधी घरची अर्थिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि टाकीत पाणी भरताना पिन काढून ठेवा. त्या माणसाचे ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या. आणि आपल्या घरातला, शेजारचा, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आयटीआयत असेल, तर तिला विचारा, या आठवड्यात काय केले? जॉब दाखवला तर हातात घ्या. उजेडाकडे धरून पाहा.

त्या मुलाला आम्ही ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त देऊ लागलो. त्याने ते परत केले. मग आमच्या मुलीने त्याला पाणी आणून दिले. पाणी पिऊन त्याने तिला कूलरजवळ नेले, स्वतः आधी पत्र्याला हात लावला आणि म्हणाला, "आता लाव."