खांद्यावरचा हात

टिनटाइपच्या नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा असे. काळा थर दिलेल्या त्या पत्र्यावर कॅमेऱ्यातच थेट प्रतिमा उमटे आणि काही मिनिटांत गिऱ्हाइकाच्या हाती पडे. १८५६ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं आणि महागडं छायाचित्र शेतमजूर, गाडीवान, शिपाई यांच्या आवाक्यात आलं. असे हजारो पत्रे आज संग्राहकांकडे आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांवर दोन पुरुष एकमेकांना बिलगून बसलेले दिसतात. कुणी दुसऱ्याच्या मांडीवर बसलेला, कुणी बोटांत बोटं गुंफलेली, कुणी सोबत्याच्या खांद्यावर डोकं टेकवलेलं. मागच्या बाजूला बहुधा नावही नसतं. आजचा माणूस हे पाहिलं की एकच विचारतो: हे प्रियकर होते की नुसते मित्र? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याआधी तो प्रश्नच तपासायला हवा असं मला वाटतं. स्पर्श दिसला की त्याची वर्गवारी ताबडतोब लागली पाहिजे, हा आग्रह त्या पत्र्यांपेक्षा वयाने लहान आहे.

ही जवळीक तेव्हा सहज मानली जाई, या म्हणण्यावर पहिला आक्षेप तंत्राचा. त्या काळी काही सेकंद निश्चल राहावं लागे, म्हणून माणसं एकमेकांना टेकत, असं म्हटलं जातं. पण स्थिर राहण्यासाठी स्टुडिओत मानेमागे लावायचा लोखंडी आधार होता, खुर्ची होती, लाकडी कठडा होता. हातात हात घेण्याची गरज कॅमेऱ्याला नव्हती. शिवाय १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला, क्षणार्धात फोटो निघू लागले, तरीही ही जवळीक लगेच ओसरली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संग्राहक नेमके असेच फोटो निवडून विकत घेतात, तेव्हा त्यांच्या कपाटावरून सगळ्या समाजाचं अनुमान कसं काढायचं? हे मान्यच करावं लागतं. किती टक्के पुरुष असे बसत, हे त्यावरून सांगता येणार नाही. मात्र प्रत्येक पत्र्यामागे एक स्टुडिओ आहे, पैसे मोजलेले आहेत आणि समोर एक परका छायाचित्रकार उभा आहे. ज्याची लाज वाटते ते कुणी परक्यापुढे सजूनधजून करत नाही. इतिहासकार जॉन इब्सन यांनी २००२ च्या ‘पिक्चरिंग मेन’ या पुस्तकात अशी असंख्य छायाचित्रं दशकांच्या क्रमाने पाहिली, तेव्हा विसाव्या शतकात दोन देहांमधलं अंतर वाढत गेलेलं त्यांना दिसलं. माझ्या मते कुठल्याही एका फोटोपेक्षा हे वाढतं अंतर अधिक बोलकं आहे.

मग तो काळ निरागस होता, असं म्हणायचं का? इथे अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन आणि त्याचा सोबती पीटर डॉइल यांचा फोटो आडवा येतो. डॉइल हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, वॉशिंग्टनच्या घोड्यांच्या ट्रामवरचा कंडक्टर. १८६५ च्या सुमारास दोघांची भेट झाली आणि साधारण १८६९ मध्ये मोझेस राइसच्या कॅमेऱ्यापुढे ते समोरासमोर बसले, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत. उघड, राजरोस. त्यानंतर वर्षभरातच व्हिटमनने आपल्या खासगी वहीत डॉइलचा उल्लेख १६.४ असा केला: इंग्रजी वर्णमालेतलं सोळावं अक्षर आणि चौथं अक्षर, म्हणजे डॉइलच्या नावाची आद्याक्षरं. त्याच नोंदींत पुरुषवाचक सर्वनाम खोडून स्त्रीवाचक केलेलंही आढळतं. जे कॅमेऱ्यापुढे मांडायला संकोच नव्हता ते वहीत लपवावं लागलं. म्हणजे मोकळीक होती ती हावभावाला. भावनेला ती असेलच असं नव्हतं. एकच हात खांद्यावर ठेवून कुणी मैत्री दाखवत होता, तर कुणी त्याच हाताच्या आडोशाने प्रेम जगत होता, आणि पाहणारा त्यांत फरक करायला बसत नव्हता. मराठी वाचकाला हे कळायला जड जाऊ नये. आपल्या एसटी स्टँडवर करंगळीत करंगळी अडकवून हिंडणारे तरुण कुणाच्या नजरेत भरत नाहीत. आणि याच देशात १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ समलिंगी संबंधांना २०१८ पर्यंत गुन्हा ठरवत होतं.

हा फरक करण्याचा आग्रह हळूहळू आला. ‘समलैंगिक’ या अर्थाचा शब्द १८६९ मध्ये एका जर्मन पत्रकात प्रथम छापून आला, १८९५ मध्ये लंडनमध्ये लेखक ऑस्कर वाइल्डला पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून शिक्षा झाली, आणि पुढे वैद्यकाने त्या शब्दाला रोगाचा वास दिला. यावर कुणी म्हणेल, मग नाव मिळणं हेच वाईट ठरलं का? मुळीच नाही. नाव मिळालं म्हणून माणसांना एकमेकांचा शोध लागला, न्यायालयात उभं राहता आलं. घात केला तो नावाला चिकटवलेल्या भीतीने, आणि तिची किंमत ज्यांच्यावर रोख होता त्यांच्यापुरती राहिली नाही. मित्राच्या गळ्यात हात टाकायला कचरणारा पुरुषही तीच किंमत मोजत होता. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या फोटोंत देह पुन्हा जवळ आलेले दिसतात; युद्ध संपल्यावर ते पुन्हा दूर झाले.

१९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वयंचलित फोटोबूथ सुरू झाला. पंचवीस सेंटांत आठ छबी, आणि छायाचित्रकार कुणीच नाही. पुढे अशाच बूथच्या पडद्याआड, १९५३ मध्ये व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कात, दोन तरुणांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. ती पट्टी आज जपलेली आहे. त्यांच्या आजोबांच्या पिढीला परक्या माणसासमोर गालाला गाल लावून बसता येत होतं. या दोघांना तेवढ्यासाठी आधी पडदा ओढावा लागला.