वाकणे आणि विकणे

युद्धकाळी परक्या सत्तेशी हातमिळवणी करणाऱ्या पुढाऱ्यास देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे असते. नॉर्वेच्या क्विस्लिंगने १९४० साली जर्मन आक्रमकांची कास धरली. १९४५ साली त्यास देहान्त शासन झाले आणि त्याचे नाव फितुरीचा पर्याय होऊन बसले. परंतु सर्वच प्रकरणे इतकी उघड नसतात. तेरेखोल नदीच्या काठचे, गोव्याच्या सीमेलगतचे बांदा ज्या सावंतवाडी संस्थानात मोडत असे, त्याचाच इतिहास पाहावा.

१८१९ साली या संस्थानाने इंग्रजांचे वर्चस्व तहाने मान्य केले. पुढे खेमसावंतांच्या कारकिर्दीत वारंवार बंडाळी माजली आणि १८३८ साली इंग्रजांनी कारभार आपल्या हाती घेतला. १८४४ साली कोल्हापूरकडील गडकऱ्यांच्या उठावाचा वणवा सावंतवाडीस पोचला. फोंडसावंत तांबुळकर आपल्या मुलांसह बंडात सामील झाले. सरदेसायांनी इंग्रजी छत्राखालीच गादी सांभाळली. त्यांचे पुत्र अण्णासाहेब मात्र बंडवाल्यांस मिळाले. १८४५ साली औट्रमच्या फौजेने मनोहरगड घेतला, तेव्हा बंडवाल्यांनी गोव्यात आश्रय शोधला.

येथे आम्ही अडखळतो. पिता इंग्रजांच्या छायेत राहिला. पुत्राचे सोबती पोर्तुगिजांच्या. परसत्तेचा विटाळ हीच कसोटी मानली, तर दोघेही दोषी ठरतात. इतकेच नव्हे, तर सारा भरणारी रयतही सुटत नाही. तेव्हा कसोटी निराळी असली पाहिजे. आमच्या मते ती ही: वाकण्याची किंमत कोणी मोजली? स्वतःची मान वाकविणे हा दुबळेपणा असेल. शेजाऱ्याची मान सोडवून घेण्यासाठी ती वाकविली, तर ते धैर्यही असू शकेल. पण शेजाऱ्याची मान परक्याच्या हाती देऊन आपले आसन राखणे ही विक्री होय, आणि ती विक्रेत्याच्या मालकीची नसलेल्या वस्तूची.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक फितूर आपण गाव वाचविल्याचेच सांगतो. खरे आहे. म्हणून त्याचे बोलणे ऐकू नये. गावाचे नुकसान झाले तेव्हा त्याचे किती झाले, एवढेच पाहावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. १८४४ साली खेमसावंतांच्या हाती कारभार उरलाच नव्हता. निवड करावयाची शक्ती होती ती आधीच्या वर्षांत, प्रजेस आपलेसे करण्याच्या काळात. संकट आले म्हणजे आम्ही माणसाची परीक्षा पाहू लागतो. वस्तुतः उत्तरपत्रिका शांततेच्या दिवसांतच लिहून झालेली असते. न्याय करताना थोडे नम्र असावे, हेही याच इतिहासात आहे: बंडात गेलेले अण्णासाहेबच १८६७ साली इंग्रजांच्या संमतीने त्या गादीवर बसले.

बांद्याहून गोव्याकडे निघाले की, पत्रादेवी लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल तेथे पडला. ना हे गाव त्याचे, ना ही भाषा त्याची. परक्याच्या मुक्ततेसाठी त्याने स्वतःची मान दिली. विकणाऱ्याचा व्यवहार नेमका याच्या उलट असतो. म्हणून त्यास ओळखावयाचे तर आधी या स्मारकापाशी उभे राहावे.